औषध बंद करण्याची घाई

स्वीडनमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्रयोग लहानच होता. हेरॉईनच्या आहारी गेलेले ४० जण निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. पहिल्या २० जणांना वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉईनची तलफ आवरणारं औषध, दिलं. दुसऱ्या २० जणांनाही तेच औषध दिलं, पण सहा दिवसांत कमी करत आणून बंद केलं. पुढे त्यांना मिळाली ती हुबेहूब तशीच दिसणारी, आत औषध नसलेली गोळी. बाकी सगळं दोन्ही गटांना सारखं होतं. गटात बसून समुपदेशन, दर आठवड्याला समुपदेशकाशी एकट्याने बोलणं, आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी. वर्ष संपलं तेव्हा पहिल्या गटातले ७५ टक्के लोक उपचारांत टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नव्हता. आणि दुसऱ्या गटातले चौघे मेलेले होते.

विसातले चार. घरच्यांना जे हवं असतं ते सगळं या चौघांच्या बाबतीत करून झालं होतं. अंगातलं हेरॉईन उतरवलं होतं, समुपदेशनाची सोय होती, वर लक्ष ठेवायला तपासण्याही होत्या. नव्हतं ते फक्त औषध.

ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉईनसारख्या अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या, व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन वर्षानुवर्षं चालणारे उपचार होतात, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. ज्यांना ठाऊक असतं, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. हे औषध बंद कधी होणार? आई विचारते, नवरा विचारतो, न्यायाधीश विचारतात, उपचारांचे पैसे देणारं सरकार विचारतं. खुद्द रुग्णही विचारतो, कारण सगळे त्यालाच विचारत असतात. प्रश्न साधा आणि मायेचा वाटतो. माझ्या मते मात्र या उपचारांत याच्याइतका घातक प्रश्न दुसरा नाही. औषधाला शेवटची तारीख नसावी. ज्याला खरोखरच बंद करायचं आहे, त्याची तारीख त्याने स्वतः ठरवावी. ती घरच्यांनी, कोर्टाने किंवा केंद्राच्या नियमावलीने ठरवू नये.

असं का म्हणतो, ते कळायला आधी शरीराचा हिशेब पाहावा लागतो. हेरॉईन, मॉर्फिन, फेंटानिल, दुखणं थांबवायला दिल्या जाणाऱ्या ऑक्सिकोडोनसारख्या गोळ्या हे सगळे मेंदूतल्या एकाच जातीच्या रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतात. वेदना दबते ती त्यामुळे, झिंग येते ती त्यामुळे आणि श्वास मंदावतो तोही त्यामुळेच. रोज घेणाऱ्याचं शरीर या सगळ्याला सरावतं. कालचं माप आज पुरत नाही. पण त्याच सरावामुळे नवख्या माणसाला जागच्या जागी संपवेल एवढं माप हा माणूस पचवून कामाला जातो. हा सराव भराभर उतरतो, आठ-पंधरा दिवस पुरतात. तलफ मात्र एवढ्या लवकर जात नाही. ती महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं दबा धरून असते. सराव गेलेला आणि तलफ शाबूत, अशा अवस्थेत माणूस केंद्राच्या दारातून बाहेर पडतो. घरी कौतुक होतं. मग एखाद्या वाईट संध्याकाळी त्याचा हात जातो तो जुन्या मापाकडे, कारण त्याला तेवढंच माप माहीत असतं. झोपेतच श्वास थांबतो.

हा नुसता तर्क नाही. ब्रिटनमध्ये रुग्णालयात राहून हेरॉईन सोडवण्याचे उपचार घेतलेल्या १३७ जणांचा माग काढला गेला, तोही २००३ सालीच प्रसिद्ध झाला. ३७ जणांनी उपचार नीट पूर्ण केले होते. बाकीचे मध्येच सोडून गेले किंवा पूर्ण उतरले नाहीत. पुढच्या चार महिन्यांत तिघे ओव्हरडोसने मेले आणि तिघेही त्या ३७ जणांपैकी होते. अर्धवट सोडून पळालेल्यांपैकी ओव्हरडोसने कुणीही मेलं नाही. म्हणजे प्रमाणपत्र मिळालेले मेले आणि नापास झालेले वाचले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ साली आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका त्या राज्यातल्या इतर माणसांच्या १२९ पट होता. तुरुंगाची भिंत हे सक्तीचं व्यसनमुक्ती केंद्रच असतं, आणि तिच्या बाहेरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यात वाईट.

इथेच दीर्घकालीन औषधोपचाराची कल्पना येते, आणि ती काही नवी नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल नावाचे डॉक्टर लठ्ठपणा आणि चयापचय यांवर काम करत. त्यांनी १९६४ मध्ये मारी निस्वँडर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना सोबत घेतलं. निस्वँडर यांनी लेक्सिंग्टनच्या सरकारी नार्कोटिक्स रुग्णालयात काम केलं होतं. तिथे महिनोन्‌महिने डांबून ठेवलेले रुग्ण बाहेर पडताच पुन्हा हेरॉईनकडे कसे वळतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोघांनी आधी रुग्णांना मॉर्फिन देऊन पाहिलं. रुग्ण दिवसभर झोपेच्या कपड्यांत बसून पुढच्या सुईची वाट पाहत आणि माप सतत वाढवून मागत. मग मेथाडोन दिलं. हे जर्मनीत १९३०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेलं जुनं वेदनाशामक. आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच माणसांची वागणूक पालटली. एकाने चित्रं काढायला घेतली, दुसऱ्याने शाळेचं राहिलेलं शिक्षण पुरं करायची परवानगी मागितली. १९६५ मध्ये २२ रुग्णांवरचा त्यांचा शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. व्यसनी माणसाला डॉक्टरने ओपिऑइड देणं हाच त्या देशात तेव्हा जवळपास गुन्हा समजला जाई, हे लक्षात घेतलं तर त्या दोघांच्या धाडसाची कल्पना येते.

मेथाडोनने हे कसं साधलं? त्यात जादू नाही, सगळा खेळ वेळेचा आहे. हेरॉईन सेकंदांत चढतं आणि चार-सहा तासांत उतरतं. त्यामुळे व्यसनी माणसाचा दिवस तीन-चार तुकड्यांत फाटलेला असतो. उतरायला लागलं की पैसे मिळवायचे, माल शोधायचा, घ्यायचं, थोडा वेळ शांत व्हायचं की पुन्हा तेच. मेथाडोन तोंडाने घेतलं तर हळूहळू चढतं आणि चोवीस तासांहून जास्त टिकतं. योग्य मापात रुग्णाला झिंग येत नाही, अंगही मोडून येत नाही आणि वरून हेरॉईन घेतलं तरी त्याचा रंग चढत नाही. दिवसाचे तुकडे पुन्हा सांधले जातात. तलफ भागवण्यात जाणारे आठ-दहा तास एकदम मोकळे होतात. या मोकळ्या तासांचं काय करायचं, हा प्रश्न कितीतरी रुग्णांना पहिल्या महिन्यात खरोखर छळतो, आणि त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

ब्युप्रेनॉर्फिनचं काम जरा वेगळं चालतं आणि त्याचा पहिला दिवस पाहण्यासारखा असतो. हे औषध रिसेप्टरना हेरॉईनपेक्षा घट्ट चिकटतं, पण त्यांना अर्धवटच जागं करतं. अंगात हेरॉईन असताना ते घेतलं तर ते हेरॉईनला ढकलून त्याची जागा पटकावतं आणि रुग्ण काही मिनिटांत टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, जातो, तीही साधी नव्हे. म्हणून त्याला सांगतात की शेवटचं घेतल्यावर निदान बारा तास जाऊ द्या आणि अंग दुखायला लागलं की या. तो बाकावर बसलेला असतो. नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, हातांवर काटा उभा, डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्या. नर्सच्या हातात अकरा लक्षणांचा तक्ता असतो. ती नाडी मोजते, हात पुढे करायला सांगून थरथर बघते, पोटाचं विचारते आणि प्रत्येक लक्षणाला गुण देते. रुग्ण काकुळतीला येऊन गोळी मागतो. ती म्हणते, अजून थोडं थांबू. पुरेसे गुण झाले की गोळी जिभेखाली. गिळायची नाही, बोलायचं नाही, पाच-दहा मिनिटं ती विरघळू द्यायची. कडू लाळ तोंडात साठत राहते. तासाभरात जांभया थांबतात, काटा खाली बसतो. झिंग येत नाही. हा माणूस खुर्चीत नीट टेकून बसतो आणि इकडेतिकडे बघू लागतो. ज्यांना वाटतं की दवाखान्यात बसवून सरकारी खर्चाने नशा करवली जाते, त्यांनी हा एक तास तरी पाहावा.

‘एका नशेच्या जागी दुसरी नशा’ हा आक्षेप मी निव्वळ अडाणीपणा समजत नाही. शरीराला औषध लागतं हे खरंच आहे. मेथाडोन अचानक थांबवलं तर त्रास होतो, आणि तो हेरॉईनपेक्षा सौम्य असला तरी जास्त दिवस चालतो. पण शरीराला औषध लागणं आणि व्यसन असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यालाही ते एकदम बंद करता येत नाही. म्हणून कुणी त्याला व्यसनी म्हणत नाही. व्यसन म्हणजे नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही हात न थांबणं. ज्या दिवशी चोरी थांबली, सुई थांबली, मुलाला शाळेत सोडायला वेळेवर जाता आलं, त्या दिवशी व्यसनाची पकड सुटायला लागली, मग सकाळी एक गोळी जिभेखाली जात का असेना. डॉक्टर मंडळी इथे मधुमेह आणि इन्सुलिनचं उदाहरण देतात. मला ते पुरतं पटत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याच्या मागे संशय नसतो, त्याला लघवी तपासून द्यावी लागत नाही. आणि इन्सुलिनवरच जगणारा रुग्ण ते कधी सोडू शकत नाही. ओपिऑइड मात्र काही लोक औषधाशिवायही सोडतात.

ही ‘काही लोक’वाली बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण समोरच्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा तिथे असताना हेरॉईन-अफूच्या कह्यात गेला होता. हे लोक घरी आले की देशभर हाहाकार माजेल अशी भीती होती. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला. तिथे व्यसन जडलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले जेमतेम ५ टक्के, आणि बहुतेकांनी कसलेही उपचार घेतले नव्हते. म्हणजे हेरॉईन सुटतं आणि औषधाशिवाय सुटतं. पण या सैनिकांच्या बाबतीत काय बदललं ते पाहा. सगळंच बदललं होतं. देश, हवा, सोबती, रोजची भीती, कोपऱ्यावर मिळणारा स्वस्त आणि शुद्ध माल, सगळं हजारो मैल मागे राहिलं. उपचार केंद्रातून बाहेर पडणाऱ्याला असं विमान मिळत नाही. तो त्याच खोलीत, त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परततो आणि माल विकणाऱ्याचा नंबर त्याला पाठ असतो. रॉबिन्स यांच्या निष्कर्षांवरून ‘मनात आणलं की सुटतं’ असं म्हणणाऱ्यांनी आधी रुग्णाचं अख्खं आयुष्य बदलून द्यायची तयारी दाखवावी. त्या तयारीला माझा पाठिंबा आहे. मात्र ती होईपर्यंत माणूस जिवंत राहायला हवा.

आणि हा प्रश्न फक्त रस्त्यावरच्या हेरॉईनचा नाही. डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर अडकलेल्या ६५३ अमेरिकन रुग्णांचा मोठा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतले बरेच जण नोकरी-घर असलेले होते, सुईला हात न लावलेले. थोड्या आठवड्यांचं ब्युप्रेनॉर्फिन देऊन बंद केलं तेव्हा जेमतेम ७ टक्क्यांना यश आलं. मग अपयशी ठरलेल्यांना बारा आठवडे औषध दिलं. शेवटी शेवटी निम्म्या लोकांचं चांगलं चाललं होतं. पुन्हा बंद केलं. आठ आठवड्यांनी तो आकडा ९ टक्क्यांच्याही खाली आला. समुपदेशन जास्त दिलं काय, कमी दिलं काय, फारसा फरक पडला नाही. औषध चालू असताना चालत होतं आणि बंद केल्यावर कोसळत होतं, इतका तो निकाल सरळ होता.

आता औषधाचे धोके. मेथाडोन हे काही तुळशीचं पान नाही. पहिल्या दोन आठवड्यांत ते अंगात साठत जातं, म्हणून सुरुवातीला माप घाईने वाढवलं तर माणूस औषधानेच मरू शकतो. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा परिणाम होतो. वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या पडल्या तर धोका वाढतो. मोठ्या माणसाचा एक डोस लहान मुलाने चुकून घेतला तर मूल दगावू शकतं. हे औषध बाजारात विकलंही जातं. म्हणून नर्ससमोर पिण्याची पद्धत आली. छोट्या कपातलं औषध प्यायचं, वर पाणी प्यायचं आणि दोन शब्द बोलून दाखवायचे, म्हणजे तोंडात काही राखलेलं नाही हे कळतं. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ही पद्धत रुळल्यावर दिल्या गेलेल्या मेथाडोनच्या प्रमाणात त्याने होणारे मृत्यू १९९३ ते २००८ या काळात निदान चौपटीने कमी झाले. देखरेखीला अर्थ आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण देखरेखीची पायरी कधी संपते आणि शिक्षेची कधी सुरू होते, हे बघायला कुणाला सवड नसते. दहा वर्षं नीट चाललेल्या माणसालाही रोज सकाळी त्याच रांगेत उभं राहायला लावायचं. त्याने नोकरीला जायचं कधी, गावाला जायचं कधी, आजारी आईजवळ राहायचं कधी? अमेरिकेत अनेक दशकं हेच चाललं होतं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे रांगाच मोडाव्या लागल्या. स्थिरावलेल्या रुग्णांना एका वेळी २८ दिवसांचं औषध घरी न्यायची मुभा मिळाली. औषध काळ्या बाजारात वाहील, लोक मरतील, असं भाकीत झालं. प्रत्यक्षात एकूण ओव्हरडोसमृत्यूंत मेथाडोनचा हात असलेल्यांचा वाटा २०१९ मध्ये ४.५ टक्के होता, तो २०२१ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. २०२४ मध्ये ही मुभा नियमांत कायमची घातली गेली. म्हणजे त्या रोजच्या रांगेतली बरीचशी वर्षं नुसत्या अविश्वासापोटी वाया गेली होती.

अविश्वास मापातही उतरतो. मेथाडोनचं माप ६० ते १०० मिलिग्रॅमच्या घरात असेल तर रुग्ण जास्त टिकतात आणि हेरॉईन कमी घेतात, हे अनेक प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. तरीही कितीतरी ठिकाणी ‘कमीत कमीवर भागवू’ म्हणून वीस-तीस मिलिग्रॅमवर रुग्णाला लटकत ठेवतात. त्याला दुपारनंतर अंगदुखी सुरू होते, तो संध्याकाळी बाहेरून घेतो, लघवीत सापडतं आणि नियम मोडला म्हणून त्याचं नाव कापलं जातं. मग अहवालात लिहायचं की औषधाचा उपयोग झाला नाही. अर्धपोटी ठेवायचं आणि वर चोर म्हणायचं, असा हा न्याय आहे. तपासणीत हेरॉईन सापडणं याचा वैद्यकीय अर्थ एवढाच की माप किंवा उपचार कमी पडताहेत. त्यावर उपाय म्हणून उपचारच काढून घेणं हे मला कुठल्याही तर्कात बसवता आलेलं नाही.

औषध काढून घेतल्यावर काय होतं, याची एक भयानक परीक्षा क्रिमियात झाली. २०१४ मध्ये रशियाने तो प्रदेश ताब्यात घेतला. रशियात मेथाडोनवर बंदी आहे, व्यसनाच्या उपचारांत ब्युप्रेनॉर्फिनही देता येत नाही. त्यामुळे तिथल्या सुमारे ८०० रुग्णांचे चालू उपचार काही आठवड्यांत बंद पडले. काही युक्रेनच्या इतर भागांत निघून गेले, ज्यांना जमलं ते. पूर्व युरोप आणि मध्य आशियासाठीचे संयुक्त राष्ट्रांचे एड्सविषयक दूत मिशेल काझाचकिन यांनी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, या ८०० पैकी ८० ते १०० जण मेले असावेत असा अंदाज सांगितला. आदल्या महिन्यापर्यंत हे लोक कामाला जात होते, घरी येत होते. त्यांच्यापैकी कुणीही औषध बंद करा असं म्हणालेलं नव्हतं.

याच्या उलटं फ्रान्समध्ये घडलं. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथे साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मोकळीक मिळाली. वेगळा परवाना नाही, खास केंद्रही नाही. काही गोळ्या बाजारात गेल्या, काहींनी त्या विरघळवून सुईने टोचून घेतल्या. हे सगळं झालं आणि ते लपवायचं कारण नाही. पण १९९५ ते १९९९ या चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी उतरले. गळती शून्यावर आणायच्या हट्टापायी औषधच कुलूपबंद ठेवलं असतं तर ती माणसं गेली असती, एवढा हिशेब मला पुरतो. अमेरिकेत मात्र २००० सालच्या कायद्याने ब्युप्रेनॉर्फिनसाठी डॉक्टरांना खास परवाना लागू झाला. व्यसन लावू शकणारी ऑक्सिकोडोन कुणीही डॉक्टर लिहून देऊ शके आणि त्या व्यसनावरचं औषध लिहायला मात्र वेगळं प्रशिक्षण, रुग्णांच्या संख्येवर मर्यादा. ही अट अखेर डिसेंबर २०२२ मध्ये गेली. पण अट गेल्यावर रुग्णांची संख्या काही झपाट्याने वाढली नाही. दोन दशकं ज्या औषधाला संशयाची मोहर लावली, ते एका सहीने साधंसुधं होत नाही.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. एक लाखावर मेथाडोन-रुग्णांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेला हिशेब सांगतो की उपचार चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला ११ मृत्यू होतात, तर उपचार सुटल्यावर ३६. टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीची लागण या उपचारांमुळे जवळपास निम्म्यावर येते. एवढा पुरावा दुसऱ्या एखाद्या आजाराच्या औषधामागे असता, तर ते बंद कधी करायचं असं विचारायला कुणी धजावलं नसतं. इथे विचारलं जातं, कारण मनातून आपण या माणसाला आजारी मानत नाही. त्याने काहीतरी फेडावं असं आपल्याला वाटतं, आणि रोजचं औषध ही आपल्याला सवलत वाटते. गर्दुल्ल्याला सवलत कशाला, हा त्यामागचा खरा सूर आहे.

उपचार केंद्रांचं यश मोजण्याची पद्धतही त्यामुळेच वाकडी झाली आहे. किती जणांनी कार्यक्रम पूर्ण केला, किती जण औषधाशिवाय बाहेर पडले, हे आकडे फलकावर लागतात आणि त्यांवर अनुदानं मिळतात. ब्रिटनमधले ते तिघे अशा फलकावर यशस्वी म्हणूनच मोजले गेले असते. त्याऐवजी वर्षभराने किती जण जिवंत आहेत आणि किती जण अजून उपचारांत आहेत, हे दोन आकडे मागा. अनुदान त्यांना जोडा. मग केंद्रं आपोआपच माणसाला धरून ठेवू लागतील. तुरुंगांनाही हीच फूटपट्टी लावावी. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून तुरुंगातच ही औषधं द्यायला आणि सुटकेनंतर चालू ठेवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी नुकत्याच सुटलेल्यांतले ओव्हरडोसमृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले. तिथे कैद्यांना काही नवी शिकवण दिलेली नव्हती. आत आल्यावर औषध तोडणं थांबवलं, ज्यांना हवं त्यांना नव्याने सुरू केलं आणि बाहेर पडताना पुढच्या डोसचा पत्ता हातात दिला.

तरीही कुणाला सोडायचं असेल तर? असतातच असे लोक. कुणाला परदेशी जायचं असतं, कुणाला बद्धकोष्ठ आणि घाम नकोसा होतो, कुणाला फक्त एकदा औषधाशिवाय जगून पाहायचं असतं. त्यांना अडवायचा अधिकार कुणालाही नाही. (एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. बाईला दिवस गेले की सासर-माहेर दोन्हीकडून ‘आता तरी बंद कर’ सुरू होतं, आणि नेमकी हीच बंद करायची सगळ्यात वाईट वेळ. गरोदरपणात औषध चालू ठेवणं हाच मान्य उपचार आहे. बाळाला जन्मानंतर त्रास झाला तर त्यावर इलाज करता येतो.) सोडताना माप महिनोन्‌महिने, थोडंथोडं उतरवावं. शेवटचे काही मिलिग्रॅम सगळ्यात जड जातात, तिथे थांबावंसं वाटलं तर थांबावं, परत दोन पायऱ्या वर जावंसं वाटलं तर जावं. घरात नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोस उलटवणारं औषध, असावं आणि ते नाकात कसं फवारायचं हे घरातल्या निदान दोघांना यायला हवं. मुख्य म्हणजे परत येण्याचा दरवाजा उघडा असावा. पुन्हा तलफ आली, पुन्हा एकदा घेतलं, म्हणून नवा अर्ज, नवी प्रतीक्षायादी, नवं हमीपत्र असलं काही नको. जुनी फाईल काढायची, तपासायचं आणि सराव उतरलेला आहे हे धरून, नवख्या रुग्णाला देतात त्या छोट्या मापापासून त्याच दिवशी औषध सुरू करायचं.